तीस दिवस की सहाशे तास? भाषावर्गाच्या मुदतीचा विचार

भाषा शिकवणाऱ्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर भाषेच्या नावाखालोखाल मोठ्या टायपात काही छापलेले असेल, तर ती मुदत. मद्रासच्या बालाजी प्रकाशनाने निरनिराळ्या भारतीय भाषांसाठी काढलेल्या मालेत ती तीस दिवसांची आहे. दिल्लीच्या पुस्तक महलचा 'रॅपिडेक्स इंग्लिश स्पीकिंग कोर्स' साठ दिवस मागतो; कपिल देवच्या जाहिरातींमुळे तो माझ्या पिढीच्या घराघरांत ठाऊक होता. क्लासच्या पाट्यांवर बहुधा तीन महिने असतात. गेली वीस-बावीस वर्षे मी अप्पा बळवंत चौकातून आणि फोर्टच्या पदपथावरून अशी जुनी पुस्तके जमवतो आहे आणि त्याच काळात संध्याकाळी अमराठी प्रौढांना मराठी शिकवतो आहे. दोन्ही कामांसाठी लागणारी पदवी माझ्याकडे नाही. जे काही कळले ते पुस्तकांतून आणि शिकायला येणाऱ्यांकडून. या लेखाचा विषय ती मुदत हा आहे. ती कोण ठरवते, कशात मोजते आणि ती फसली की किंमत कोण भरते?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकतो, कारण लेखाचे कारण तेच आहे. किंमत शिकणारा भरतो, आणि ती केवळ फीच्या रूपात नाही. तीन महिने संपले, भाषा आली नाही, की पुस्तकाला किंवा वर्गाला कोणी दोष देत नाही. "मला भाषांचं अंगच नाही हो," असे तो स्वतःविषयी म्हणू लागतो आणि पुढे आयुष्यभर म्हणत राहतो. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी अनेकजण असे एक-दोन कोर्स पचवून आणि हे वाक्य पाठ करून आलेले असतात. बहुधा मराठीतले त्यांचे ते पहिले बिनचूक वाक्य असते.

या पुस्तकांकडे समीक्षेच्या नजरेने कोणी फारसे पाहत नाही. पाहिले तर पहिली गोष्ट दिसते ती ही, की त्यांतला 'दिवस' हा दिवस नसतोच. पहिल्या दिवशी स्वर, दुसऱ्या दिवशी व्यंजने, मग शब्द, मग वाक्ये अशी चढण असते. पण हा दिवस किती तासांचा, तो कारखान्यातली पाळी संपवून आलेल्या माणसाचा की परीक्षा संपलेल्या मुलाचा, याचा उल्लेख नसतो. दिवस म्हणजे फक्त प्रकरण. त्याला धडा म्हटले असते तर पुस्तक प्रामाणिक राहिले असते. खपले किती असते, हा प्रश्न वेगळा. आपल्याकडे इंग्रजीसाठी पिढ्यान् पिढ्या वापरल्या गेलेल्या तर्खडकर भाषांतर पाठमालेचे एकक धडा हेच होते. धडा आला की पुढचा धडा, नाही आला तर तोच पुन्हा. कंटाळवाणे होते, पण त्या कंटाळ्यात शिकणाऱ्याचा वेग शिकणाऱ्याच्या हाती होता.

दुसऱ्या टोकाला अमेरिकन विद्यापीठांसाठी तयार झालेली मराठीची पुस्तके आहेत. नरेश कवडी आणि फ्रँकलिन साउथवर्थ यांच्या 'स्पोकन मराठी'च्या (१९६५) उपशीर्षकातच पहिल्या वर्षाचा सघन अभ्यासक्रम असे म्हटले आहे. पहिले वर्ष, आणि तेही सघन! एका वर्षात मराठी येईल असा त्यात दावा नाही. पहिले वर्ष असे जाईल, एवढेच सांगितले आहे. मॅक्सिन बर्नसन आणि जाई निंबकर यांचे मराठीचे संदर्भ-व्याकरण (१९७५) तर मुदतीच्या भानगडीत पडतच नाही. पाहिजे तेव्हा उघडावे आणि अडलेले पाहावे, असा तो ग्रंथ आहे. ही पुस्तके मला अधिक खरी वाटतात. पण ती ज्याच्यासाठी लिहिली तो विद्यार्थी आठवड्याचे पाच दिवस वर्गात बसू शकतो, त्याला शिष्यवृत्ती असते आणि इंग्रजी येते. कल्याणच्या चाळीत राहून रात्रपाळीला जाणारा सुरक्षारक्षक या पुस्तकात नाही. तीस दिवसांच्या पुस्तकात निदान त्याची घाई तरी ओळखलेली असते.

आता थोडा हिशेब. तीन महिन्यांचा क्लास, आठवड्याला दोन दिवस, दीड-दीड तास. तेरा आठवड्यांचे झाले ३९ तास. त्यातला निम्मा वेळ शिक्षक बोलतो असे धरू (हे औदार्याने धरले आहे, आम्ही शिक्षक याहून जास्त बोलतो). उरले साडेएकोणीस तास. वर्गात वीसजण असतील तर एकेकाच्या वाट्याला स्वतः मराठीत तोंड उघडायला संपूर्ण कोर्समध्ये तासाभराहूनही कमी वेळ येतो. तासाभरात कोणाला पोहता येत नाही, सायकल येत नाही. भाषा मात्र यावी अशी अपेक्षा असते.

याच्या शेजारी दोन आकडे ठेवतो. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची 'फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट' आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवते. तिने अनुभवावरून भाषांचे गट पाडले आहेत. इंग्रजी भाषकाला फ्रेंच, स्पॅनिश यांसारख्या भाषेत कामकाजापुरते प्रावीण्य मिळवायला साधारण २४ ते ३० आठवडे, हिंदीसारख्या भाषेला ४४ आठवडे, आणि अरबी, चिनी, जपानी, कोरियन यांना ८८ आठवडे. हे आठवडे पूर्णवेळ शिक्षणाचे आहेत, म्हणजे हिंदीसाठी हजाराहून अधिक तास वर्गात, शिवाय रोजचा गृहपाठ वेगळा. वर्ग लहान, शिकणारा सुशिक्षित, बऱ्याचदा आधी एखादी परभाषा शिकलेला आणि शिकण्यासाठी पगार घेणारा. दुसरा आकडा जर्मनीचा. तिथे स्थलांतरितांसाठी २००५ पासून सरकारी 'एकात्मता अभ्यासक्रम' चालतो. त्याचा भाषेचा सर्वसाधारण भाग सहाशे तासिकांचा आहे. पंचेचाळीस मिनिटांच्या तासिकेने ते ४५० तास होतात. आपल्या आठवड्याला तीन तासांच्या क्लासच्या चालीने तेवढेच अंतर कापायला दीडशे आठवडे, म्हणजे जवळजवळ तीन वर्षे लागतील. आणि या सहाशे तासिकांनंतर गाठायची पातळी काय, तर युरोपीय मोजमापातली 'बी-१': रोजच्या व्यवहारात स्वतःचे स्वतः निभावता येणे. साहित्य वगैरे फार पुढे.

मुदत शिकणाऱ्याकडे पाहून न ठरता तिजोरीकडे पाहून ठरते, हे काही आजचे नाही. १८०० साली वेलस्लीने कलकत्त्याला फोर्ट विल्यम कॉलेज काढले तेव्हा कंपनीच्या कोवळ्या नोकरांनी तीन वर्षे तिथे राहून देशी भाषा शिकाव्यात अशी त्याची कल्पना होती. लंडनच्या संचालकांना हा खर्च मानवला नाही. त्यांनी कॉलेज बंद करण्याचाच हुकूम पाठवला. पुढे तडजोड होऊन ते आखडत्या स्वरूपात चालले. याच कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या विल्यम केरीने वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले आणि १८१० मध्ये कोश. कोशातले मराठी शब्द मोडीत छापलेले होते. म्हणजे त्या काळी मराठी शिकणाऱ्या गोऱ्याला एका भाषेसाठी दोन लिप्या शिकाव्या लागत. तीन वर्षे जास्त होती, असे मला तरी वाटत नाही.

(मुदतीचा विषय निघाला की मला फादर स्टीफन्स आठवतात. हा इंग्रज जेझुइट गोव्यात आला १५७९ साली आणि त्याचे 'ख्रिस्तपुराण' राशोळला छापले गेले १६१६ साली. मध्ये सदतीस वर्षे. त्यांच्या मराठीचे कौतुक करणारे या सदतीस वर्षांचा उल्लेख सहसा करत नाहीत.)

*

मुदतीच्या प्रश्नावरचे मला सापडलेले सर्वांत उपयोगी लेखन भाषाशिक्षकाचे नसून मानसशास्त्रज्ञाचे आहे. जॉन कॅरोल यांनी १९५९ मध्ये स्टॅन्ली सॅपन यांच्यासह परभाषा शिकण्याची कुवत मोजणारी एक प्रसिद्ध चाचणी तयार केली होती. १९६३ मध्ये त्यांनी शालेय शिक्षणाविषयी एक प्रतिमान मांडले आणि त्यात 'कुवत' या शब्दाची व्याख्याच फिरवली. कुवत म्हणजे कोण किती उंच जाऊ शकतो याची मर्यादा नव्हे. ठराविक गोष्ट शिकायला एखाद्याला लागणारा वेळ म्हणजे कुवत. एकाला चाळीस तास लागतात, दुसऱ्याला नव्वद. नव्वद लागणाऱ्याला चाळीस दिले तर तो नापास होईल, आणि त्या नापास होण्याचे नाव कुवतीचा अभाव असे पडेल.

हे वाचल्यापासून मला वर्गांची वेळापत्रके वेगळी दिसू लागली. शिकण्याच्या व्यवहारात दोन गोष्टी असतात, वेळ आणि फळ. एक सर्वांना सारखी ठेवली की दुसरी कमीजास्त होणारच. आपण वेळ सारखा ठेवतो, कारण खोलीचे भाडे, शिक्षकाचे मानधन, प्रमाणपत्राचा समारंभ हे सारे वेळेला बांधलेले असते. मग फळ कमीजास्त होते आणि त्या फरकाला आपण हुशारी, आवड, तळमळ अशी नावे देतो. काकासाहेब कालेलकरांसारख्या मराठी माणसाला गांधीजींनी 'सवाई गुजराती' म्हटले, बेंद्रे घरी मराठी बोलत आणि कानडीतले थोर कवी झाले, ही उदाहरणे अशा वेळी हमखास फेकली जातात. थोर उदाहरणेच ती. पण कालेलकर आश्रमात गुजराती माणसांत राहिले आणि बेंद्रे धारवाडात वाढले. त्यांचे तास मोजायला कोणी बसले नव्हते, एवढेच.

मग मराठी शिकायला कोणाला किती वेळ लागतो? एक आकडा कोणी मागितला तर देऊ नये, असे माझे मत आहे. मात्र फरक कुठे पडतो ते नेमके सांगता येते, आणि ते व्याकरणातच दिसते.

हिंदी भाषक येतो तो अर्धी वाट चालूनच. लिपी तीच; शब्दांचा मोठा साठा समाईक; 'मैंने आम खाया' ही रचना घरची, त्यामुळे 'मी आंबा खाल्ला'मधले आंब्याबरोबर जाणारे क्रियापद त्याला दचकवत नाही, फक्त 'मी'ला 'ने' लावण्याचा मोह आवरावा लागतो. पहिल्या वीस तासांत त्याची प्रगती पाहून शिक्षक खूश होतो. त्यानंतर तो थांबतो. नपुसकलिंग त्याच्या भाषेत नाही. पुस्तक, आवाज, आत्मा हे तिन्ही शब्द त्याच्याकडे स्त्रीलिंगी; मराठीत पुस्तक ते, आवाज तो आणि आत्माही तो. शिक्षा म्हणजे शिक्षण नव्हे आणि चेष्टा म्हणजे प्रयत्न नव्हे, हे कळेपर्यंत एखादी फजिती होऊन जाते. 'आम्ही' आणि 'आपण' यांत ऐकणारा धरायचा की वगळायचा, हा भेद 'हम'मध्ये नाही. "आम्ही जेवायला जाऊ या" असे तो समोरच्याला प्रेमाने म्हणतो. त्याचा खरा वेळ या सुरुवातीच्या सोपेपणानंतर सुरू होतो, आणि नेमका तेव्हाच तीन महिन्यांचा कोर्स संपलेला असतो.

तमिळ किंवा तेलुगू भाषकाचे उलट. लिपी नवी, शब्द तुलनेने अनोळखी, पहिले चाळीस तास नुसते अक्षरांशी आणि उच्चारांशी झगडण्यात जातात. पण 'आम्ही-आपण' त्याला पहिल्याच दिवशी कळते. त्याच्या भाषेत तो भेद आहेच. नामाला प्रत्यय लावण्याआधी त्याचे रूप बदलावे लागते, हेही त्याला परके नाही. माणूस–माणसाला, देऊळ–देवळात, सून–सुनेला या आमच्या सामान्यरूपांना तो वैतागतो, पण त्यामागची कल्पना त्याला समजावून सांगावी लागत नाही. ळ तर त्याचा आपलाच. कानडी भाषकाच्या बाबतीत वाक्याची बांधणीच इतकी जवळची असते की "येतो म्हणून सांगितलं" यासारख्या वाक्यातला 'म्हणून' तो सहज उचलतो. हिंदी भाषकाला तोच 'म्हणून' कारण सांगणारा वाटतो. दक्षिणेकडच्या या मंडळींचा आलेख आधी सपाट आणि मग चढा असतो. तीन महिन्यांनी परीक्षा घेतली तर ते हिंदी भाषकाच्या मागे दिसतील. वर्षाने घेतली तर काय दिसेल, हे पाहण्याइतका लांब वर्ग सहसा नसतोच.

बंगाली भाषकाला व्याकरणातले लिंगच अपरिचित. 'आमार' या एका शब्दावर त्याचे भागते. मराठीत वही निघाली की माझी, पेन निघाले की माझं आणि डबा निघाला की माझा. झवेरी बाजारात बंगाली कारागीर पुष्कळ आहेत. दागिन्यांची मराठी नावे त्यांना चटकन येतात. पण हार तो, साखळी ती आणि मंगळसूत्र ते, हे नावाबरोबर येत नाही. मल्याळम भाषकाला क्रियापद पुरुषाप्रमाणे किंवा लिंगाप्रमाणे बदलण्याची सवय नाही. एका 'वन्नु'मध्ये मी आलो, तू आलीस, त्या आल्या असे सगळे मावते. मराठीत आलो, आले, आलास, आलीस, आला, आली, आलं, आलात, आल्या ही सगळी मांडणी जिभेवर बसायला किती तास लागतात ते त्या शिकणाऱ्यालाच विचारावे. आणि गुजराती भाषक? तीन लिंगे आहेत, 'आपणे-अमे' आहे, लिपी शिरोरेघ पुसलेल्या देवनागरीसारखी. त्याच्यासाठी वेगळा लांब वर्ग काढणे म्हणजे त्याच्या वेळेचा अपव्यय आहे.

मातृभाषा ही एक बाजू झाली. दुसरी बाजू तितकीच मोठी आहे: शिकणाऱ्याला कुठल्या तरी भाषेत लिहितावाचता येते का? बांधकामावर येणाऱ्या बाईला घरची भोजपुरी येते, कामापुरती हिंदी येते, पण अक्षर कुठलेच येत नाही. लिपी तीच असल्याचा फायदा तिला काय? आमची सारी पुस्तके फळ्यावर लिहून सुरू होतात आणि ती पहिल्या पाच मिनिटांतच वर्गाबाहेर पडते. राष्ट्रीय साक्षरता मिशनने (१९८८) तीन पुस्तिकांचा जो क्रम आखला होता, त्यात प्रौढाला अक्षरओळख करून देण्यासाठी सुमारे दोनशे तास धरले होते. हे तास नवी भाषा शिकण्याचे नव्हेत, फक्त लिहिण्यावाचण्याचे. म्हणजे या बाईला नवी भाषा आणि पहिले अक्षर अशी दोन ओझी एकदम उचलायची आहेत आणि आपण तिला ३९ तास देतो.

इथे जर्मन व्यवस्थेकडे पुन्हा वळावे लागते. तिची मला आवडलेली गोष्ट सहाशे हा आकडा नसून तो सर्वांसाठी नाही, ही आहे. भरभर शिकू शकणाऱ्यांसाठी चारशे तासिकांचा सघन वर्ग आहे. ज्यांना लिहितावाचता येत नाही त्यांच्या वर्गासाठी नऊशे तासिका, आणि लागल्यास आणखी तीनशे. तरुणांसाठी निराळा होता. अलीकडे तर दुसऱ्या लिपीत साक्षर असलेल्यांसाठी, म्हणजे अरबी वाचता येते पण रोमन येत नाही अशांसाठी, स्वतंत्र वर्ग निघाले. प्रवेशाआधी चाचणी घेऊन कोणाला कुठे बसवायचे ते ठरवतात. सहाशे तासिकांनंतरही अनेकांना 'बी-१' गाठता येत नाही, म्हणून आणखी तीनशे तासिकांची सोय त्यांना करावी लागली होती. या व्यवस्थेवर तिथे टीकाही भरपूर होते: भाषेच्या परीक्षेला निवासाच्या परवान्याशी बांधणे कितपत योग्य, शिक्षकांना मिळते किती, वगैरे. ती टीका रास्त असेल. पण अरबी वाचणारा आणि काहीच न वाचणारा यांना एका बाकावर बसवून नंतर एकाला हुशार आणि दुसऱ्याला मठ्ठ ठरवण्याचा प्रकार निदान धोरण म्हणून टाळलेला आहे.

*

वर्गातले तास हा अर्धाच हिशेब. उरलेला अर्धा वर्गाबाहेर असतो, आणि तो बिघडवण्यात आपला हात मोठा आहे. पुण्यात किंवा ठाण्यात मराठी शिकणारा माणूस भाजी घ्यायला जातो, कष्टाने जुळवलेले वाक्य बोलतो, "मेथीची जुडी केवढ्याला?" आणि समोरून उत्तर येते, "बीस रुपया, भैया." आपल्याला यात सौजन्य वाटते. शिकणाऱ्याच्या दृष्टीने ही त्याच्या शिकवणीतून केलेली कपात आहे. म्युनिकला जर्मन शिकणाऱ्याला वर्गातून बाहेर पडल्यावरही जर्मनच ऐकू येते. मुंबईत मराठी शिकणाऱ्याला ती शोधत हिंडावे लागते. म्हणून महाराष्ट्रात राहूनही मराठीच्या वर्गाची मुदत परदेशात राहून शिकल्यासारखी धरावी लागते, असे मी मानतो. मराठी कोणी शिकत नाही ही आपली नेहमीची तक्रार. शिकणाऱ्याला आपण उत्तर कोणत्या भाषेत देतो, हे ती करणारा तपासत नाही.

बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या (स्थापना १९८१) उत्तर अमेरिकेतल्या मराठी शाळांमधल्या मुलांचे गणित अगदी उलटे. आठवड्यातून एकदा भरणारा वर्ग. वर्षाचे तास चाळीस-पन्नासच्या पलीकडे क्वचित. तरीही त्यातली काही मुले चांगली मराठी बोलतात, कारण आजीशी फोनवर बोलण्याचे तास वहीत लिहिलेले नसतात. त्यांना कानाने भाषा येते, हाताने येत नाही. त्यांना 'हे घर आहे'पासून शिकवणे हा त्यांचा अपमान आणि वेळेची नासाडी. त्यांना वर्ग हवा तो फक्त वाचण्यालिहिण्याचा, छोटा पण वर्षानुवर्षे चालणारा.

थोडे थोडे रोज बरे की एकदम भरपूर? १८८५ मध्ये एबिंगहाउसने स्मरणावरचे प्रयोग प्रसिद्ध केले तेव्हापासून, पाठांतर एका बैठकीत कोंबण्यापेक्षा विभागून केलेले टिकते, हे मान्य आहे. मात्र शाळांतल्या भाषावर्गांचा अनुभव दुसरे काही सांगतो. क्युबेकमध्ये फ्रेंच भाषक मुलांना पाचवी-सहावीत पाच महिने जवळपास दिवसभर इंग्रजी देण्याचे सघन वर्ग झाले. लाइटबाउन आणि स्पाडा यांनी त्यांचा अभ्यास केला; वर्षानुवर्षे आठवड्याला थोडा थोडा डोस घेणाऱ्या मुलांपेक्षा ही मुले बोलण्यात पुढे गेली. मला या दोहोंत विरोध दिसत नाही. विभागणी म्हणजे आज, उद्या आणि परवा. आठवड्यातून एकदा म्हणजे विभागणी नव्हे, तो विसरण्याचा कार्यक्रम आहे. रोज पाऊण तास परवडत असेल तर तो घ्यावा. रविवारचा सलग चार तासांचा वर्ग मी स्वतः घेणे बंद केले आहे.

शालेय धोरणांत तर तास हा शब्दच ऐकू येत नाही. तिथे एकच प्रश्न: कितवीपासून? महाराष्ट्राने २००० मध्ये इंग्रजी पहिलीपासून आणली. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा वाद पेटला. एप्रिलमध्ये शासननिर्णय, जूनमध्ये सुधारित निर्णय, २९ जूनला दोन्ही मागे. त्या वादातल्या अस्मितेच्या बाजूविषयी पुष्कळ लिहून झाले आहे, बरेचसे पटण्यासारखे. पण आठवड्याला किती तासिका, कोण शिकवणार, शाळा सुटल्यावर ती भाषा मुलाच्या कानावर पडणार का, हे विचारणारे आवाज क्षीण होते. बार्सिलोनात कार्मेन मुन्योस आणि सहकाऱ्यांनी आठव्या आणि अकराव्या वर्षी इंग्रजी सुरू करणाऱ्या मुलांची तुलना केली. वर्षे न मोजता तास मोजून, म्हणजे २००, ४१६ आणि ७२६ तासांनंतर. तेवढ्याच तासांत उशिरा सुरू केलेली मुले बहुतेक चाचण्यांत पुढे होती. लहान मूल भाषा सहज टिपते हे खरे, पण भोवती ती भाषा ओसंडत असेल तर. आठवड्याच्या दोन-तीन तासिकांत टिपण्यासारखे काही नसते.

२०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. निर्णय मला योग्य वाटतो. पण बदली होऊन सहावीत आलेली ओडिया मुलगी पहिलीपासून मराठी शिकलेल्यांच्या वर्गात बसते आणि तिला तेच पुस्तक, तेवढ्याच तासिका. तिच्यासाठी वर्षभर रोजची एक जादा तासिका काढली, तर कायद्याचा हेतू सक्तीशिवायही साधेल.

तास कोणाला मिळतात आणि परीक्षा कोणाला मिळते, याचाही एक नकाशा काढता येतो. भारतीय प्रशासन सेवेत महाराष्ट्र संवर्ग मिळालेल्या अधिकाऱ्याला मसुरीच्या अकादमीत मराठी शिकवतात. शिक्षक, वेळ, पगार सगळे चालू. रिक्षाच्या परवान्यासाठी मराठीचे ज्ञान आवश्यक असल्याचे परिपत्रक २०१६ मध्ये निघाले, तेव्हा त्यासोबत वर्ग नव्हता, फक्त चाचणी होती. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केले. रिक्षावाल्याला मराठी यावी असे मलाही वाटते. त्याला लागणारी मराठी फार नाही: पत्ते, डावे-उजवे, पैसे, गाडीत बसलेल्या म्हाताऱ्या माणसाशी दोन शब्द. हिंदी येणाऱ्याला रिक्षातळाजवळ, दुपारच्या मंद वेळात, रोज अर्धा तास असे तीन-चार महिने पुरावेत असा माझा अंदाज आहे. तेवढे तास आधी द्यावेत, चाचणी मागाहून घ्यावी.

कामाप्रमाणे मुदत कशी बदलते याचे मला माहीत असलेले सर्वांत चांगले उदाहरण परिचारिकांचे आहे. केरळहून आलेल्या परिचारिका आपल्या रुग्णालयांत सर्वत्र आहेत. त्यांना 'बी-१' नको असते, बाजारातली मराठीही त्या आपापली शिकतात. त्यांच्यासाठीच्या एका छोट्या गटात मी नेहमीचा क्रम मोडून दुखण्यापासून सुरुवात केली. इंग्रजीत 'पेन' म्हणून उरकते. मराठी पेशंट तसे बोलत नाही. त्याचा दात ठणकतो, पोटात कळ येते किंवा मुरडा येतो, छातीत चमक निघते किंवा जळजळते, डोके भणभणते, अंग मोडून येते, हातापायांना मुंग्या येतात, पोटऱ्यांत गोळे येतात, मळमळते, गरगरते. खेड्यातून आलेल्या बायका "कसंतरीच होतंय" म्हणतात, आणि हे वाक्य कधी घाबरण्याचे असते तर कधी खरोखर धोक्याचे. क्रियापदांची बारा रूपे इथे लागत नाहीत. 'दुखतंय, ठणकतंय, जळजळतंय' ही तृतीयपुरुषी नपुसकलिंगी रूपे जवळजवळ सगळे काम भागवतात आणि मल्याळम बोलणारीला नेमके हेच सोपे जाते. ज्या व्याकरणापायी तिचे पहिले दोन महिने जातात ते पुढे ढकलता आले. पाळीच्या अदलाबदलीत रोज चाळीस मिनिटे, असा सहा आठवडे वर्ग झाला. त्यानंतर त्यांच्यापैकी दोघींनी आणखी महिनाभर मागितला. व्याकरण त्यांना नको होते. सोलापूरकडचे पेशंट आणि कोकणातले पेशंट एकाच दुखण्याला वेगवेगळे शब्द वापरतात, तेवढे नीट लावून द्या, असे त्यांचे म्हणणे होते.